ऑफसाइड आणि लघुतम माप

ज्या व्हर्नियरचे लघुतम माप 0.01 सेंमी आहे, त्याने धातूच्या गोळीचा व्यास मोजून एखाद्या विद्यार्थ्याने 1.2346 सेंमी असे उत्तर लिहिले, तर शिक्षक शेवटचे दोन अंक लाल शाईने खोडतात. ते अंक उपकरणाने दिलेले नसतात. फुटबॉलच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत चित्रफितीच्या साह्याने जे निर्णय दिले जातात त्यांतले असे अंक कोणीच खोडत नाही, एवढीच या लेखातील तक्रार आहे.

29 जून 2024 रोजी डॉर्टमुंड येथे युरोपीय स्पर्धेत जर्मनी आणि डेन्मार्क यांचा सामना झाला. उत्तरार्धाच्या आरंभीच डेन्मार्कच्या अँडरसनने गोल केला. तपासणीअंती त्याचा सहकारी डिलेनी याच्या बुटाचे टोक ऑफसाइड ठरले आणि गोल रद्द झाला. पुढच्या काही मिनिटांतच चेंडू अँडरसनच्या हाताला लागल्याचे चेंडूतील संवेदकाने दाखवले, पेनल्टी दिली गेली आणि जर्मनीने गोल केला. सामना जर्मनीने 2-0 असा जिंकला. दोन्ही निर्णय नियमानुसारच होते, आणि म्हणूनच ते तपासून पाहण्याजोगे आहेत.

यंत्रे मैदानावर आली ती उगाच नव्हे. 1966 च्या अंतिम सामन्यात हर्स्टचा फटका आडव्या दांडीवर आपटून खाली आला तेव्हा चेंडू रेषेपार गेला होता की नाही, हा वाद आजही मिटलेला नाही. 2010 मध्ये ब्लूमफाँटेन येथे इंग्लंडच्या लॅम्पार्डने मारलेला चेंडू रेषेच्या चांगलाच आत पडला, तो साऱ्या जगाने दूरदर्शनवर पाहिला. पंचांनी मात्र पाहिला नाही. 2014 च्या विश्वचषकात गोलरेषेवर कॅमेऱ्यांची यंत्रणा बसली आणि हा प्रश्न जवळजवळ संपला. येथे रेषा स्थिर आहे, चेंडूचा आकार ठरलेला आहे, आणि चेंडू केव्हा तरी पूर्ण पार गेला एवढेच पाहायचे आहे. कोणता क्षण पकडायचा, हा प्रश्नच नाही.

ऑफसाइडची गोष्ट वेगळी आहे. सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणी आक्रमक खेळाडूचे डोके, धड वा पाय, प्रतिपक्षाच्या अर्ध्या भागात, चेंडूच्या आणि प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढे असू नयेत, असा हा नियम आहे. हात धरत नाहीत. साहाय्यक पंचाला एकाच वेळी दोन ठिकाणी पाहावे लागते. शिवाय तो बचावाच्या रेषेत नेमका उभा नसेल तर लंबनामुळे दोन खेळाडूंतील अंतर त्याला चुकीचे दिसते. औडेयान्स व त्यांच्या डच सहकाऱ्यांनी 2000 साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की पंचांच्या बऱ्याच चुका या पाहण्याच्या कोनातून येतात, पक्षपात शोधण्याचे कारण नाही. मोजपट्टीवरील वाचन तिरके घेतले की काय होते, हे ज्याने वर्गात दाखवले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

आता यंत्राकडे वळू. कॅमेरा सेकंदाला 50 चित्रे घेत असेल, तर लागोपाठच्या दोन चित्रांत 0.02 सेकंदाचे अंतर पडते. सेकंदाला 8 मीटर धावणारा खेळाडू तेवढ्यात 16 सेंमी पुढे जातो. बचावपटू सेकंदाला 4 मीटर वेगाने उलट दिशेला येत असेल, तर दोघांतील अंतर 24 सेंमीने बदलते. 2018 च्या विश्वचषकात तपासणी आली तेव्हा लाथ बसल्याचे चित्र माणसालाच निवडावे लागे. 2022 मध्ये कतार येथे चेंडूत संवेदक आला. तो सेकंदाला 500 नोंदी करतो, म्हणजे क्षण 0.002 सेकंदापर्यंत पकडता येतो. ही मोठीच सुधारणा आहे, पण तेवढ्या वेळातही आपला धावपटू 1.6 सेंमी सरकतो, आणि धावताना पुढे येणारे त्याचे पाऊल तर धडापेक्षा बरेच अधिक. खेळाडूच्या शरीरावरील 29 बिंदूंची नोंद मात्र सेकंदाला 50 वेळाच होत होती. मधल्या क्षणीची जागा गणिताने काढायची. त्यात खांदा कोठे संपतो आणि हात कोठून सुरू होतो, तर काखेच्या तळाशी. सदऱ्याखाली ती काख नेमकी कोठे, हे कॅमेऱ्याने ठरवायचे!

हे सारे मिळून काही सेंटिमीटरांची शंका राहते. ती राहणारच, त्यात लाजण्यासारखे काही नाही. आक्षेप आहे तो पडद्यावर येणाऱ्या चित्राला. त्यात खेळाडूंचे रेखीव पुतळे दिसतात, मध्ये जाडीच नसलेली एक भिंत उभी राहते आणि बुटाचे टोक तिच्यातून बाहेर आलेले असते. त्रुटी किती, याचा त्यात उल्लेखही नसतो. कॉलिन्स आणि इव्हान्स या ब्रिटिश अभ्यासकांनी टेनिस व क्रिकेटमधील अशाच चित्रांबद्दल 2008 मध्येच लिहिले होते, की गणिताने बांधलेला अंदाज प्रेक्षक प्रत्यक्ष घटना म्हणून पाहतात.

क्रिकेटने यावर एक उपाय काढला आहे. पायचीतच्या तपासणीत चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागताना दिसला, तर मैदानावरील पंचाचा मूळ निर्णय कायम राहतो. आपल्याकडे या तरतुदीवर रोज टीका होते. आम्हाला मात्र ती त्या यंत्रणेतील सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. फुटबॉलच्या नियमांतही ‘स्पष्ट आणि उघड चूक’ असेल तरच हस्तक्षेप, असे तत्त्व आहे; पण ऑफसाइड ही वस्तुस्थितीची बाब मानून तेथे ते लावले जात नाही. कोणी म्हणेल, पाच सेंटिमीटरांची सवलत दिली तर वाद पाच सेंटिमीटरांच्या कडेवर होईल. होईल, पण तेथे वादाचा विषय बदलतो. त्या पट्ट्यात यंत्र ‘मला ठरवता येत नाही’ असे म्हणते आणि साहाय्यक पंचाने निशाण उचलले होते की नाही, ते ग्राह्य धरले जाते.

हाताला लागलेल्या चेंडूच्या बाबतीत तर मोजमाप चुकीच्या प्रश्नाला उत्तर देते. अँडरसनच्या हाताला स्पर्श झाला, हे आलेखातील उंचवट्याने सिद्ध झाले. सहाच दिवसांनी स्टुटगार्टला स्पेनच्या कुकुरेयाच्या हाताला चेंडू लागल्याचे सर्वांना दिसले. तेथे पेनल्टी मिळाली नाही. स्पर्श दोन्हीकडे होता. हात अस्वाभाविक स्थितीत होता काय, हे ठरवायचे होते, आणि तो निवाडा पंचाचाच आहे. आलेख दाखवल्याने त्या निवाड्याला विज्ञानाचा शिक्का बसल्यासारखे वाटते, इतकेच.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगने 2021-22 च्या हंगामात ऑफसाइडच्या रेषा जाड केल्या. दोन रेषा एकमेकींवर आल्या तर फायदा आक्रमकाला. विश्वचषकाच्या पडद्यावरील त्या भिंतीलाही अशीच जाडी देता येईल, आणि ती किती असावी हे कॅमेऱ्याच्या चित्रसंख्येवरून दहावीचा विद्यार्थीही काढून देईल.