सॅमी बॉचा हात

‘किंग ऑफ द टेक्सास रेंजर्स’चे बाराही भाग मी दोन रात्रींत पाहिले. ही खरं तर चुकीची रीत. १९४१ साली ही सीरियल थिएटरात आठवड्याला एक भाग अशी लागायची. नायक मोटारीसकट कड्यावरून कोसळला की पोरांनी सात दिवस जीव मुठीत धरून राहायचं, आणि पुढच्या शनिवारी कळायचं की त्याने आधीच उडी मारली होती. सलग पाहिलं की ही लबाडी लगेच उघडी पडते. मला मात्र त्याहून वेगळीच एक गोष्ट खुपली.

नायक सॅमी बॉ. हा नट नव्हे, अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू. म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळायचा तो फुटबॉल. टेक्सासचा हा उंच, सडसडीत माणूस १९३७ साली वॉशिंग्टनच्या संघात आला आणि पहिल्याच हंगामात त्याने संघाला विजेतेपद मिळवून दिलं. चेंडू छातीशी कवटाळून धक्काबुक्की करत पुढे सरकणं हा तोवर या खेळाचा मुख्य धर्म होता. तो लांब फेकूनही सामने जिंकता येतात हे ज्यांनी पटवलं, त्यांत बॉ अग्रभागी. म्हणजे त्याची कीर्ती होती ती उजव्या हाताची. (१९४०च्या अंतिम सामन्यात शिकागोने याच संघाला ७३–० असं झोडपलं होतं. मैदानावर पुढच्या शनिवारची सोय नसते.)

स्वस्तात आणि भराभर चित्रपट काढणाऱ्या रिपब्लिक कंपनीने त्याला नायक केलं. दिग्दर्शक विल्यम विटनी आणि जॉन इंग्लिश ही त्या कामातली मुरलेली जोडी. कथा थोडक्यात अशी : टॉम किंग हा फुटबॉलपटू, बाप टेक्सास रेंजर. घातपाती टोळी बापाला मारते, मुलगा खेळ सोडून रेंजर होतो. घोडे आहेत, पण काळ चालू आहे. मोटारी आहेत, तेलविहिरी आहेत, आणि टोळीचा सूत्रधार चक्क आकाशातल्या झेपेलिनमधून हुकूम सोडतो. खाली टापा, वर झेपेलिन, असं चित्र मी दुसऱ्या कुठल्या काउबॉयपटात पाहिलेलं नाही, आणि त्या वेडेपणावर मी खूश आहे. हे शत्रू कुठल्या देशाचे ते कोणी बोलत नाही, कारण अमेरिका अजून युद्धात उतरलेली नव्हती. ऑक्टोबरात पहिला भाग लावलेल्या थिएटरात शेवटचा भाग लागेपर्यंत पर्ल हार्बर होऊन गेलं होतं. त्या दिवशी, ७ डिसेंबरला, बॉ वॉशिंग्टनच्या मैदानावर सामना खेळत होता.

पण पडद्यावरचा बॉ कोण? संवाद तो पाठ केल्यासारखे सपाट म्हणतो. ते मी सोडून देईन, सीरियलमध्ये अभिनयाला फारसा वावच नसतो. अडचण शरीराची आहे. मारामारी सुरू झाली की कॅमेरा मागे सरतो आणि टेबलांवरून उड्या घेणारा माणूस बॉ नसतो, त्याचा डुप्लिकेट असतो. स्टंटवाल्यांचं काम अप्रतिम आहे, माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. पण ज्याच्या शरीरासाठी लोक तिकीट काढणार, त्याचंच शरीर गाळून नाव तेवढं जाहिरातीत ठेवायचं, हा कसला हिशेब? पहिल्या भागातला सामना संपला की तो हात बहुतेक लगाम आणि पिस्तूल यांतच अडकतो. या बाबतीत आपल्या मुंबईचा हिशेब चोख होता. वाडियांच्या ‘हंटरवाली’त (१९३५) नादिया दिसते तेव्हा ती नादियाच असते. अमेरिकन सीरियलींचं वळण गिरवणाऱ्या त्या चित्रपटांत पडणारी, लटकणारी, धावणारी बाई एकच होती.

आणखी एक गोष्ट इथे गाळलेली आहे. टेक्सास रेंजर म्हणजे सीमेचा निष्कलंक रखवालदार, हे सीरियल गृहीतच धरते. मेक्सिकन अधिकारी पेद्रो गार्सियाला (डंकन रेनाल्डो) ती नायकाचा जिवलग मित्रही करते. युद्ध दाराशी आलेलं असताना शेजाऱ्याला गोंजारण्याची ही गरज समजू शकते. पण १९१८ साली याच सीमेवरच्या पोर्वेनीर गावात रेंजरांनी मेक्सिकन वंशाचे १५ निःशस्त्र पुरुष आणि मुलगे मारले होते, आणि पुढच्याच वर्षी टेक्सासच्या विधिमंडळात रेंजरांच्या वागणुकीची चौकशी झाली होती. ते घडून तेव्हा जेमतेम तेवीस वर्षं झाली होती. आणि हा गोरा काउबॉय ज्या संघातून आला त्याचं नावच ‘रेडस्किन्स’. ते टाकून द्यायला २०२० साल उजाडावं लागलं.

बॉ पुन्हा कधी पडद्यावर नायक झाला नाही. तो १९५२पर्यंत खेळला, मग प्रशिक्षक झाला, आणि शेवटी पश्चिम टेक्सासातल्या आपल्या रँचवर, खऱ्या गुरांत, रमला. तिथे १९८८च्या सुमारास नट रॉबर्ट डुव्हल त्याला भेटायला गेला. त्याला लॅरी मॅकमर्ट्रीच्या ‘लोनसम डव्ह’वरच्या टीव्ही-मालिकेत गस मॅक्क्रे करायचा होता. सत्तरी ओलांडलेला बॉ बोलताना हात कसे हलवतो, हे त्याने पाहून घेतलं आणि तेच गसला दिलं.

१९८९ची ती मालिका मी पुन्हा काढून पाहिली. गस बोलता बोलता हात वर नेतो, हवेत मोकळा सोडतो, वाक्य संपायच्या आधीच बोट कुठेतरी दूर रोखतो. बारा भागांत मी जे शोधत होतो ते इथे एका संवादात सापडलं. गस मॅक्क्रे हा निवृत्त टेक्सास रेंजर आहे.