पांढऱ्या टेबलक्लॉथची परंपरा : एक परामर्श

गोंदियाच्या माणसाने समुद्रकाठच्या भोजनगृहाविषयी लिहावे, हे वाचकांना काहीसे विचित्र वाटेल. आमचा जिल्हा धानाचा आणि तलावांचा; मासळी म्हणावी तर वैनगंगेची, नाहीतर गावच्या बोडीतली. तरीही समुद्राशी आमचे एक जुने नाते आहे आणि ते रुळांवरून आलेले आहे. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने नागपूरहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग हाती घेतला; त्याच मार्गावर आमचे गोंदिया पुढे जंक्शन झाले. पूर्व किनाऱ्यावरील पुरी १८९७ मध्ये रेल्वेने जोडली गेली आणि १९२५ मध्ये याच कंपनीने तेथे समुद्रासमोर आपले हॉटेल उघडले. १९४४ मध्ये कंपनीचा कारभार सरकारकडे गेला. हॉटेल आज खासगी व्यवस्थापनाखाली आहे. 'बीएनआर' ही तीन अक्षरे मात्र त्याच्या नावात टिकून आहेत. आमच्या स्टेशनाची आणि त्या भोजनगृहाची मालकी एके काळी एकच होती, एवढा अधिकार हा लेख लिहिण्यास पुरेसा समजावा.

अशा भोजनगृहाचे मूल्यमापन कसे करावे? उंच छत, रुंद व्हरांडा, कडक इस्त्रीचा टेबलक्लॉथ यांचे वर्णन करून बहुतेक लेखक थांबतात. आमच्या मते ती केवळ प्रस्तावना होय. खरा विषय आहे तो जेवणाच्या क्रमाचा. आपल्या ताटात सारे पदार्थ एकदम येतात आणि जेवणारा आपल्या बोटांनी त्यांचा मेळ घालतो. येथे आधी सूप, मग मासा, मग मांस व उकडलेल्या भाज्या, शेवटी पुडिंग, असा एकेक पदार्थ येतो. प्रत्येकाला आपल्या बळावर उभे राहावे लागते. आमटीच्या आड फसलेली भाजी लपते तशी सोय येथे नाही. त्यामुळे जेवणाची गती मंदावते, आणि दोन पदार्थांमधल्या रिकाम्या वेळात माणसे एकमेकांशी बोलतात. या पद्धतीचा हा सर्वांत मोठा गुण आम्ही मानतो.

या परंपरेची खरी कसोटी म्हणजे स्टेक. आमच्या बालपणी रेल्वे कॉलनीतील अँग्लो-इंडियन शेजाऱ्यांकडे तो रविवारी होत असे. अंडरकटचे बोटभर जाडीचे आडवे काप, सुरीच्या पाठीने हलकेच ठेचलेले, आले-लसूण, मिरी आणि थोडे व्हिनेगर, तापलेला तवा, आणि तव्यावर उरलेल्या रसात परतलेला कांदा. विलायतेत स्टेकचे मांस थंड जागी दिवसेंदिवस मुरवतात आणि आतून लालसर ठेवतात. आपल्याकडे शीतगृहे नव्हती. सकाळी कापलेले मांस दुपारी शिजवावे लागे. म्हणून ते ठेचणे, म्हणून कधी कच्ची पपई लावणे, म्हणून ते पुरते शिजवणे. याला विलायती पदार्थाची बिघडलेली नक्कल म्हणणे अन्यायाचे आहे. हवामानाने घातलेल्या प्रश्नाला स्वयंपाक्याने दिलेले ते उत्तर आहे.

याउलट अलीकडे एका शहरात, नाव सांगण्याचे कारण नाही, आमच्यासमोर स्टेक म्हणून जे आले ते तापल्या लोखंडी तबकावर धूर सोडीत आले. धूर ओसरल्यावर गोडसर सॉसखाली जे सापडले ते चावता चावेना. आवाज पुष्कळ, पाककला थोडी! जुन्या भोजनगृहाचा मोठेपणा अशा वेळी ध्यानात येतो.

परंतु या परंपरेविषयी दोन चुकीची मते रूढ आहेत. काहींना तो साहेबांचा सुवर्णकाळ वाटतो. काहींना ती निव्वळ गुलामीची खूण वाटते. दोघेही टेबलावरच पाहतात, मुदपाकखान्यात डोकावत नाहीत. ते जेवण रांधणारे हात कोणाचे होते? चितगावकडचे मग आचारी, मुसलमान खानसामे, आणि आगगाड्या, आगबोटी व क्लब यांतून नोकरी करणारे गोव्याचे ख्रिस्ती कुक. आपल्यातील कित्येक घराण्यांचे शिक्षण त्या पगारांवर झाले आहे. मेनूकार्डावर त्यांचे नाव कधी छापले गेले नाही. पदार्थ मात्र त्यांचा होता.

तथापि गौरव करताना दोष झाकू नये. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून पुरीला उतरणाऱ्या यात्रेकरूसाठी ते टेबल नव्हते. त्याच गावात जगन्नाथाच्या महाप्रसादाची पंगत आहे. तेथे कांदा नाही, लसूण नाही, बटाटाही नाही; आणि पंक्तीत जातपात पाहत नाहीत. मंदिरात अहिंदूंना प्रवेश नसल्याने ती पंगत आम्ही पाहिलेली नाही. प्रत्येक पंगतीला कुठे ना कुठे दार असते, हे पुरीत दोन वेळा उमगते. पांढऱ्या टेबलक्लॉथचे दार पैशाचे होते, एवढेच.

आज त्या टेबलावरचा एक पदार्थ महाराष्ट्रातून जवळजवळ गेला आहे. गोवधाला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. विधिमंडळाने १९९५ मध्ये संमत केलेली, बैल आणि वळू यांनाही संरक्षण देणारी दुरुस्ती २०१५ मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीनंतर अमलात आली. म्हशीच्या मांसाला ती बंदी नाही. पण अंडरकटचा तो जुना स्टेक आता आठवणीचा विषय झाला. शेजाऱ्याच्या श्रद्धेचा मान आपण राखतो आणि राखलाच पाहिजे. मात्र कायदा पाळणे वेगळे आणि आपल्या आजीच्या स्वयंपाकाची लाज बाळगणे वेगळे. आमच्या पाहण्यात अशी घरे आहेत जेथे मुलांना या पदार्थाचे नावही सांगितले जात नाही. हे मौन आम्हांला कायद्याहून अधिक खटकते.

पदार्थ बदलला तरी रीत टिकू शकते. तोच आडवा काप, तोच तापलेला तवा, तोच रसात परतलेला कांदा मटणालाही चालतो. कच्ची पपई तेवढी थोडी अधिक लागते. म्हणून वाचकांना विनंती की पुरीच्या गाडीत बसाल तेव्हा एक दुपार त्या व्हरांड्यासाठी राखून ठेवा. त्याआधी, आपल्या पॅरिशमध्ये रेल्वेत किंवा क्लबात कुक असलेल्या कोणाची मुलगी वा सून हयात असेल, तर तिच्याजवळ बसून तिची कृती लिहून घ्या, आणि वर त्या कुकचे संपूर्ण नाव घाला.