जीर्णोद्धार की रंगरंगोटी? जुन्या ॲम्प्लिफायरच्या दुरुस्तीविषयी

आजचा विषय जुने व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर आणि त्यांची देखभाल. आम्ही तो जरा टीकेच्या अंगाने घेणार आहोत. कारण या क्षेत्रात 'जीर्णोद्धार' हा शब्द फार सैल वापरला जातो, आणि त्याची किंमत यंत्रं मोजतात.

हवेत बोलण्यापेक्षा एकच यंत्र घेऊ: क्वाड टू. इंग्लंडमध्ये हंटिंग्डनला पीटर वॉकर यांची अकूस्टिकल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी होती. तिने १९५३ साली हा ॲम्प्लिफायर बाजारात आणला. ताकद १५ वॉट. शेवटच्या टप्प्यात दोन केटी ६६ व्हॉल्व्ह, त्यांच्याआधी दोन ईएफ ८६. एका डब्यात एकच चॅनेल, म्हणजे स्टिरिओसाठी दोन डबे. यात खरा जीव आहे तो आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये. केटी ६६चे कॅथोडसुद्धा त्याच्याच एका वाइंडिंगला जोडलेले आहेत. त्यामुळे बाजारातला कुठलाही ट्रान्सफॉर्मर उचलून तिथे बसवता येत नाही.

आता या यंत्राभोवती दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, सगळं मूळचंच हवं. जुना कागदी कंडेन्सरसुद्धा देव्हाऱ्यातल्या टाकासारखा जपायचा. बरं, त्याने होतं काय ते बघा. ईएफ ८६ आणि केटी ६६ यांच्यामधल्या कंडेन्सरचं काम साधं असतं: गाणं पुढे जाऊ द्यायचं, डीसी अडवायचा. कागदाने ओल धरली की डीसी झिरपू लागतो. समजा, १० मायक्रोअँपिअर झिरपला. ग्रिडचा रेझिस्टन्स ५ लाख ओहम धरा. हिशेब झाला ५ व्होल्टचा. जी ग्रिड कॅथोडच्या मानाने सुमारे २५ व्होल्ट खाली राहायला हवी, तिला हे ५ व्होल्ट वर ढकलतात. तो व्हॉल्व्ह जास्त करंट ओढू लागतो.

क्वाड टूमध्ये दोन्ही केटी ६६ना कॅथोडचा रेझिस्टन्स एकच, सामाईक. एक जास्त खातो, दुसरा उपाशी राहतो, पण एकूण बेरीज फारशी हलत नाही. त्या रेझिस्टन्सवर मीटर लावणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं. आत मात्र ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्ध्या भागांचा तोल गेलेला असतो आणि खर्जातला आवाज बिघडू लागतो. गळती वाढली की व्हॉल्व्हची प्लेट लाल होते, आणि वेळीच कुणी थांबवलं नाही तर वाइंडिंग जळतं. चार पैशांचा कंडेन्सर मूळचा ठेवण्याच्या हट्टापायी जे खरोखर मूळचं होतं, तेच जातं!

आमची थोडी तक्रार ऐकणाऱ्यांबद्दलही आहे. जुन्या यंत्राचा 'उबदार' आवाज म्हणून आपण मान डोलावतो, तो कधीकधी निव्वळ या बिघाडाचा आवाज असतो. मोजल्याशिवाय त्याला वॉकर यांची कला म्हणू नये.

दुसरा पंथ सुधारकांचा. हे व्हॉल्व्हचा रेक्टिफायर काढतात आणि सिलिकॉन डायोड घालतात. डायोडमध्ये व्होल्टेज कमी पडतं, म्हणून पुढचं व्होल्टेज वाढतं. शिवाय व्हॉल्व्ह तापायच्या आतच ते सगळं अंगावर येतं. मग ते झेपावं म्हणून आणखी चार बदल. शेवटी डब्यावरचं नाव तेवढं जुनं उरतं. हेमाडपंती देवळाला ऑइलपेंट फासून वर जीर्णोद्धाराची पाटी लावावी, तसलाच हा प्रकार.

यावर आपल्याकडे फार जुनं शहाणपण आहे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात. तारांनी घोडीवर पडलेला चर ते घासून काढतात. तो चर मूळचा म्हणून कुणी जपत नाही, आणि जवारी लावायच्या निमित्ताने कुणी भोपळाही बदलत नाही. काय झिजण्यासाठीच असतं आणि काय टिकवायचं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

ॲम्प्लिफायरला हाच न्याय लावायचा. गळके कंडेन्सर आणि मूल्य सरकलेले रेझिस्टन्स बदला. ट्रान्सफॉर्मर, मांडणी आणि मूळ सर्किट यांना हात लावू नका. वर्षानुवर्षं बंद पडलेला सेट थेट मेन्सला न जोडता आधी सिरीज लॅम्पवर घ्या. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट राहू शकतात. ते रेझिस्टन्समधून उतरवून, मीटरने शून्य बघूनच आत हात घाला. दोन्ही केटी ६६चा करंट वेगवेगळा मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा. काढलेला प्रत्येक भाग पाकिटात घालून यंत्रासोबत द्या.

ही शेवटची गोष्ट फार थोडे लोक करतात. ते पाकीट आणि तो कागद सोबत नसेल, तर पुढच्या माणसाला कळणार तरी कसं, की यातलं वॉकर यांचं किती आणि आपलं किती?

आता तुमचे प्रश्न घेऊ.