अनुसय म्हणजे दडपलेली आठवण नव्हे

पालीतील ‘अनुसय’ आणि मनोविश्लेषणातील ‘दमित स्मृती’ या संकल्पना एकच होत, असे प्रतिपादन तौलनिक लेखनात वारंवार आढळते. हे समीकरण आम्हांस ग्राह्य वाटत नाही.

ब्रॉयर व फ्रॉइड यांनी १८९५ साली हिस्टेरियावरील ग्रंथात या विकाराचा संबंध दडपलेल्या क्लेशदायक आठवणींशी जोडला. १८९६ मधील व्हिएन्नाच्या व्याख्यानात फ्रॉइड यांनी १८ रुग्णांच्या आधारे विकाराचे मूळ बालपणीच्या लैंगिक अत्याचारात दाखविले. विस्मृत घटना शोधणाऱ्या चिकित्सकाला त्यांनी तेथे उत्खननकर्त्याची उपमा दिली.

ही उपमा नेवाशाच्या उत्खननावर पारखून पाहावी. डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात प्रवराकाठचे पांढरीचे टेकाड खणले. तेथे ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनीखाली मातीच्या कुंभांत पुरलेल्या बालकांचे अवशेष मिळाले. ते कुंभ संशोधकाच्या प्रश्नाने घडले नव्हते. आठवण मात्र विचारणाऱ्याच्या आग्रहाने आकार घेऊ शकते. आपल्या उपपत्तीवर विश्वास उरला नसल्याचे खुद्द फ्रॉइड यांनीच २१ सप्टेंबर १८९७ रोजी फ्लीस यांना कळविले.

अनुसयाचे स्वरूप याहून भिन्न आहे. मज्झिमनिकायातील महामालुंक्यसुत्तात उताण्या निजलेल्या तान्ह्या बालकाचे उदाहरण येते. त्याला ‘मी’पणाची कल्पनाही नसते; तरीही अनुसय त्याच्या ठायी असतोच. म्हणजे येथे पुरलेली घटना नाही, तर अनुकूल प्रत्यय मिळताच उठणारी प्रवृत्ती आहे. चूळवेदल्लसुत्तात सुखवेदनेशी राग, दुःखवेदनेशी पटिघ आणि अदुःखमसुख वेदनेशी अविज्जा असा अनुसयांचा संबंध सांगितला आहे. तेव्हा गतकाळ उकरणे हा अनुसयावरील उपाय नव्हे. उपाय आहे तो वर्तमान वेदनेच्या यथार्थ दर्शनाचा.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. फ्रॉइड यांनी अशा अत्याचारांचे अस्तित्व पुढेही नाकारले नाही. परंतु त्यांच्या माघारीनंतर पीडितांचे खरे कथनही कल्पनाविलास समजण्यास वाव मिळाला. दोन्ही संकल्पना एकच मानल्या, तर पीडित व्यक्तीस ‘हा तुझाच अनुसय’ असे ऐकविण्याचा तोच दोष आपल्याकडून घडेल. अत्याचाराचे कर्म, आणि त्यामागील चेतनाही, अत्याचाऱ्याची असते. पीडिताचे म्हणणे प्रथम ऐकून घ्यावे, त्यात आपले शब्द मिसळू नयेत. अनुसयाची चर्चा त्यानंतरची, हेच आम्हांस धम्मानुकूल वाटते.