लघुकाव्याचा शेवट आणि छंदाची निवड

पारंपरिक रचनाबंधांतील लघुकाव्याचा विचार करताना अक्षरांची अथवा मात्रांची संख्या सांगितली म्हणजे रूपाचे लक्षण पूर्ण झाले, अशी समजूत अभ्यासकांत रूढ आहे. माधव जूलियन यांच्या ‘छंदोरचने’ने (सुधारित आवृत्ती १९३७) मराठी पद्यप्रकारांची जी काटेकोर व्यवस्था लावली, तिचे मोल वादातीत आहे. तथापि अमुक आशयासाठी कवी अमुकच बंध का स्वीकारतो, याचे उत्तर केवळ मोजणीतून मिळत नाही. विस्ताराची मुभा नसलेल्या कवितेपुढील खरा प्रश्न थांबण्याचा असतो. आणि छंदाची निवड ही बहुधा थांबण्याच्या रीतीची निवड असते.

मोठ्या अभंगाचे उदाहरण घ्यावे. सहा अक्षरांचे तीन चरण व चार अक्षरांचा चौथा. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. शेवटचा चरण आखूड आहे आणि निर्यमकही. तीन चरणांनी जागविलेली लयीची अपेक्षा तो अकस्मात आवरतो, आणि त्यामुळे त्याला निर्वाळ्याचे बळ येते. ग्रंथातील ओवीचा शेवटचा चरणही असाच आखूड व निर्यमक असतो. परंतु तिची अक्षरसंख्या सैल असल्याने तेथे निर्वाळ्याऐवजी विसावा मिळतो व निरूपण पुढे चालू राहते.

आर्येचा दाखला याहून बोलका आहे. शुद्ध आर्येच्या पूर्वार्धात बारा व अठरा, तर उत्तरार्धात बारा व पंधरा मात्रा असतात; म्हणजे ती शेवटी आकसते. मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) ज्या रचना आर्या म्हणून विख्यात आहेत, त्या बहुतांशी गीती होत. गीतीचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच, तीस मात्रांचा. भारतकथेसारखे दीर्घ आख्यान चालविणाऱ्या कवीला आकसणाऱ्या शेवटापेक्षा हा समतोल सोयीचा ठरला असल्यास नवल नाही.

केशवसुतांनी (१८६६–१९०५) सुनीत मराठीत आणले, तेव्हा त्यांनी शार्दूलविक्रीडित योजिले. या वृत्ताची ओळ एकोणीस अक्षरांची असून बाराव्या अक्षरावर यती येते. मोठ्या भागामागून लहान भाग, ही आठ व सहा ओळींच्या विभागणीतील घडण येथे प्रत्येक ओळीत सूक्ष्म रूपाने आढळते. पुढे विंदा करंदीकरांच्या मुक्तसुनीतांत वृत्ताचे बंधन गेले, परंतु चौदा ओळींचा अवकाश व त्यातील विचाराचे वळण टिकले.

हायकूच्या बाबतीत या मुद्द्याची कसोटीच लागते. जपानीतील पाच-सात-पाच ही गणना अक्षरांची नसून ध्वनिमात्रांची आहे. तेथे दीर्घ स्वर दोन मात्रांचा धरला जातो. मराठी अक्षरगणनेत मात्र ऱ्हस्व व दीर्घ अक्षर सारखेच मोजले जाते. तेव्हा सतरा अक्षरे जुळविल्याने मूळचे माप साधले, असे म्हणणे भ्रामक होय. शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी तीन ओळींचा आटोप राखला, संख्येचा हट्ट धरला नाही. दोन प्रतिमांमधील न बोललेली जागा वाचकाकडे सोपविणे, हा त्या रूपाचा शेवट त्यांनी ओळखला होता. अभंग निर्वाळा देऊन थांबतो. हायकू निर्वाळा टाळून थांबतो.

यावरून मोजणी निरर्थक ठरते काय? मुळीच नाही. सहा-सहा अक्षरांचे तीन चरण कानात भरले नसतील, तर चौथ्याचे आखूडपण जाणवणारच नाही. संख्या हे साधन आहे, समाप्ती हे साध्य. संतांच्या अभंगात शेवटच्या कडव्यातील नाममुद्रा या समाप्तीमागे साक्षीसारखी उभी असते. आधुनिक कवीला ती साक्ष आयती मिळत नाही. बा. सी. मर्ढेकरांनी ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहाच्या काळात अभंग व ओवी पुन्हा हाती घेतली, तेव्हा जुन्या बंधातील विश्वास आणि नव्या आशयातील अस्वस्थता यांचा ताण त्यांच्या कवितेचा विषयच बनला. जुन्या रूपात नवे लघुकाव्य लिहिणाऱ्याची परीक्षा येथेच होते: अक्षरे जुळली की नाहीत, एवढ्याने ती संपत नाही, त्या रूपाने मागितलेला शेवट कवितेने कमावला काय, हे पाहावे लागते.