हाउलचे काळे दार

डायना विन जोन्स यांच्या ‘हाउल्स मूव्हिंग कासल’ (१९८६) या कादंबरीत किल्ल्याच्या दाराची मूठ फिरवली की बाहेरचे गाव बदलते. काळ्या रंगावर आणली की दार वेल्समध्ये उघडते. जादूगार हाउल हा तिथला हॉवेल जेन्किन्स, बहिणीच्या लेखी निव्वळ उनाड. हायाओ मियाझाकींच्या अॅनिमेशनपटात (२००४) वेल्स नाही. काळ्या रंगापलीकडे युद्ध आहे. इराक युद्धावरच्या संतापातून आलेला हा बदल कथेला वजन देतो. शापाने म्हातारी झालेली सोफी चित्रपटात झोपेत तरुण दिसते. हे म्हातारपण काही अंशी तिनेच धरून ठेवले आहे, हे कादंबरीत हाउलला बोलून दाखवावे लागते. पडद्यावर नुसता चेहरा सांगतो. अनुवादक म्हणून मला त्याचा हेवा वाटतो.

तरीही मला कादंबरीच जवळची. चेन्नईत माझेही दार तसेच: रस्त्यावर तमिळ, टेबलावर इंग्रजी, फोनवर आईशी मराठी. इथे मी ‘मॅडम’, आईसाठी अजून ‘कार्टी’. मोठ्या जादूगारालाही ‘पुरे तुझी नाटकं’ म्हणणारे कुणीतरी लागते. चित्रपटाने हाउलला भव्य केले, पण त्याचे माहेर काढून घेतले.