'शिळा' : एका विशेषणाची उपेक्षा

मराठी समीक्षेत एखाद्या कवितेला 'शिळी' म्हटले की खटला निकालात निघतो. आम्हांला मात्र वाटते, की आपल्या लेखकांनी या विशेषणाचा एकच अर्थ वापरून वापरून त्यालाच शिळे करून टाकले आहे.

शब्द 'शीतल'पासून आलेला. म्हणजे मुळात तो नासल्याचा नव्हे, निवल्याचा. श्रावणातील शिळासप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचे अन्न खाण्याची चाल आहे, तिच्यात हा जुना अर्थ अजून शाबूत आहे. बोली तर फारच काटेकोर असते. भात शिळा होतो, वरण उतरते, ताक आंबते, दूध नासते, खोबरे खवट होते आणि मन विटते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर रात्रीचा भात किंवा नाचणीची भाकरी सकाळी मजुरीला निघताना खातात. ते शिळे मुद्दाम राखून ठेवलेले असते. कथाकार असे ताट रंगवतात तेव्हा वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणण्याची त्यांना घाई होते. ज्या घरी सकाळसाठी काही राखता आले, तेथली रात्र उपाशी गेलेली नसावी, एवढे तरी त्यांनी पाहावे.

बायबलचे लेखक याबाबतीत अधिक सावध. निर्गमाच्या १६व्या अध्यायात दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेल्या मान्नात किडे पडतात. शब्बाथासाठी ठेवलेला तोच मान्ना चांगला राहतो. यहोशवाच्या ९व्या अध्यायात गिबोनकर वाळक्या, बुरसटलेल्या भाकरी दाखवून दूरच्या प्रवासाचा बनाव रचतात आणि इस्राएलाचे पुढारी फसतात. शिळेपणही खोटी साक्ष देऊ शकते! (आम्हां धर्मगुरूंच्या काही प्रवचनांविषयी श्रोते काय म्हणतात, तो विषय येथे नको.)

राहता राहिले पाणी. मुंबईतील अनेक घरांत कालचे पाणी 'शिळे' म्हणून सकाळी ओतून देतात. ते पाणी शहापूर तालुक्यातील तानसा तलावातून १८९२ पासून, आणि पुढे भातसा धरणातूनही, तिकडे जात आले आहे. त्याच तालुक्यातील कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पिंपात चार दिवस साठवलेल्या पाण्याला तेथे कोणी शिळे म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. त्या गैरहजर विशेषणावर कोणी कविता लिहिली, तर ती आम्हांला वाचायची आहे.